बाळ पायाळू आहे: नॉर्मल बाळंतपण बाळासाठी कितपत सुरक्षित?

मानेवाड्याहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे हे दुसरेपण. पहिली मुलगी चार वर्षांपूर्वी नॉर्मल झाली, तेव्हा तिचे वजन 3 किलो 100 ग्रॅम होते. आता 36 आठवडे पूर्ण झाले असून सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसते आहे: कुल्ले खाली, दोन्ही पाय गुडघ्यात न वाकता सरळ वर चेहऱ्यापाशी, अंदाजे वजन 2 किलो 700 ग्रॅम, वार वरच्या बाजूला, पाणी पुरेसे. त्यांच्या डॉक्टरांनी 39 आठवड्यांना सिझर करून घेऊ असे सांगितले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की त्यांचा थोरला मुलगा घरीच, सुईणीच्या हातून, पायाळू जन्मला आणि त्याला काहीही झाले नाही. नॉर्मल झाले तर बाळाला नेमका कसला धोका असतो, तो किती असतो, आणि शेवटचे आठवडे काटोलला माहेरी काढले तर चालतील का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

ताई, नागपुरात प्रसूतीचे काम करून मला सत्तावीस वर्षे झाली आणि या काळात पायाळू बाळाचा प्रश्न घेऊन आलेल्या जवळपास प्रत्येक कुटुंबात सासूबाईंसारखी एक आठवण असतेच. ती आठवण खोटी नसते. बहुतेक पायाळू बाळे पूर्वीही सुखरूपच जन्मत होती; पण जी जन्मली नाहीत किंवा जन्मताच गेली, त्यांची गोष्ट घरात कोणी सांगत बसत नाही. उसण भरल्यावर पायाळू माणसाची लाथ घ्यायला जाण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि तो पायाळू माणूस आपल्यासमोर धडधाकट उभा असतो म्हणूनच ती रीत टिकली आहे. तेव्हा सासूबाईंचा अनुभव मान्य करूनही त्यावरून आपल्या बाळाचा निर्णय घेता येत नाही.

माझे मत आधी सांगते आणि मग कारणे देते. आपल्या बाबतीत पहिला प्रश्न नॉर्मल की सिझर हा नसून बाळ पोटावरून हाताने फिरवून डोके खाली आणता येईल का, हा आहे. ते जमले तर बाकीचा बराच प्रश्न मिटतो. जमले नाही, तर पायाळू नॉर्मलचा विचार केवळ अशाच ठिकाणी करावा, जिथे असे बाळंतपण करणारे अनुभवी हात, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि तयार ऑपरेशन थिएटर या चारही गोष्टी त्या क्षणी एकाच छताखाली असतील. तसे ठिकाण नसेल, तर 39 आठवड्यांना ठरवून केलेले सिझर बाळासाठी अधिक सुरक्षित आहे आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला त्या परिस्थितीत योग्यच आहे.

आता धोका कुठून येतो ते पाहू, कारण हे एकदा नीट कळले की पुढचे आकडे आणि अटी आपोआप समजतात. बाळाच्या शरीरात सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी दबणारा भाग म्हणजे डोके. डोके खाली असलेल्या बाळंतपणात ते कित्येक तास हळूहळू खाली सरकते, कवटीची हाडे एकमेकांवर किंचित चढून त्याला वाटेचा आकार घेतात, आणि एकदा ते बाहेर आले की मागचे अंग सहज निघते. डोके बसत नसेल तर ते आपल्याला बाळ बाहेर येण्यापूर्वीच कळते आणि सिझरला वेळ मिळतो. पायाळू बाळात हा क्रम उलटा होतो. आधी मऊ, लहान भाग बाहेर येतो आणि डोके शेवटी येते. त्याला आकार घ्यायला तास मिळत नाहीत, काही मिनिटेच मिळतात. शिवाय बेंबीपर्यंतचा भाग बाहेर आला की नाळ आईचे कंबरेचे हाड आणि बाळाचे डोके यांच्यामध्ये दाबली जाऊ लागते, म्हणजे बाळाचा प्राणवायूचा पुरवठा तिथून पुढे कमी होत जातो. सर्व अडचण या शेवटच्या काही मिनिटांत एकवटलेली असते. ब्रिटनमधील प्रसूतीतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची 2017 ची मार्गदर्शक सूचना सांगते, की कुल्ले बाहेर आल्यापासून डोके यायला पाच मिनिटांहून अधिक, किंवा बेंबी दिसल्यापासून तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर डॉक्टरांनी हाताने मदत करायला हवी. म्हणजे हिशेब तासांचा नाही, अगदी मोजक्या मिनिटांचा आहे.

या मिनिटांत काय बिघडू शकते? एक म्हणजे बाळाचे हात डोक्याच्या वर जाऊन अडकणे. दुसरे म्हणजे हनुवटी छातीला टेकलेली न राहता डोके मागे कलणे आणि मग त्याचा मोठा व्यास आडवा येणे. तिसरे, गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडलेले नसतानाच बारीक अंगाचे बाळ त्यातून सरकून येणे आणि डोके मागे राहणे; दिवस न भरलेल्या बाळात हे अधिक होते, कारण त्याचे डोके अंगाच्या मानाने फारच मोठे असते. चौथी अडचण याच्या आधीची आहे: पाणमोट फुटताच नाळ खाली घसरणे. कुल्ले खाली आणि पाय सरळ वर असतील तर खालची जागा चांगली भरलेली असते आणि नाळ घसरण्याची शक्यता सुमारे 1 टक्का किंवा त्याहूनही कमी राहते. बाळ मांडी घालून बसल्यासारखे असेल तर ती 5 टक्क्यांच्या आसपास जाते आणि एक किंवा दोन्ही पावले सर्वांत खाली असतील तर 15 टक्क्यांच्या घरात पोचते. म्हणूनच पाऊल खाली असलेल्या बाळासाठी मी कोणत्याही आईला नॉर्मलचा सल्ला देत नाही. आपले बाळ यांतल्या सर्वांत अनुकूल प्रकारात आहे, हे आपल्या सोनोग्राफीतून स्पष्ट दिसते.

आकड्यांकडे वळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की ज्या अभ्यासाने जगभरची पद्धत बदलली, तो 2000 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कॅनडातील मेरी हॅना यांच्या नेतृत्वाखाली 26 देशांतील 121 रुग्णालयांत 2088 मातांची चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी केली गेली. निम्म्यांना ठरवून सिझर, निम्म्यांना ठरवून नॉर्मल. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा हे एकत्र मोजल्यावर सिझरच्या गटात प्रमाण 1.6 टक्के आले आणि नॉर्मलच्या गटात 5 टक्के. नुसते मृत्यू मोजले तर प्रत्येकी 1039 बाळांत 3 विरुद्ध 13. या निकालानंतर अनेक देशांत पायाळू नॉर्मल जवळजवळ थांबले. नेदरलँड्समध्ये अवघ्या दोन महिन्यांत अशा बाळांसाठी सिझरचे प्रमाण 50 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर गेले, आणि तिथल्या नोंदींत पूर्ण दिवसांच्या पायाळू बाळांचे मृत्यू 0.35 टक्क्यांवरून 0.18 टक्क्यांवर आले. हा फरक खरा आहे आणि तो कोणी नाकारू नये.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच अभ्यासातील काही केंद्रांतील मुलांना दोन वर्षांच्या वयात पुन्हा तपासले, तेव्हा मृत्यू किंवा मेंदूच्या वाढीतील मागासलेपण यांचे एकत्रित प्रमाण सिझरच्या गटात 3.1 टक्के आणि नॉर्मलच्या गटात 2.8 टक्के निघाले, म्हणजे व्यवहारात सारखेच. जन्मतःच निपचित असलेली, श्वासासाठी मदत लागलेली किंवा काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागलेली पुष्कळ बाळे पुढे चांगली वाढतात, असा याचा एक अर्थ आहे. मृत्यूंमधला फरक यामुळे पुसला जात नाही, हा दुसरा. अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते मला रास्त वाटतात: बाळंतपणाच्या वेळी हजर असलेल्या डॉक्टरांचा अनुभव सर्व केंद्रांत सारखा नव्हता, आणि ज्यांना आजच्या निकषांनी नॉर्मलसाठी निवडलेच नसते अशा काही माताही त्यात होत्या. अमेरिकेतील प्रसूतीतज्ज्ञांच्या संघटनेने 2001 मध्ये ठरवून केलेल्या पायाळू नॉर्मलला नकार दिला होता. 2006 मध्ये तिने आपली भूमिका बदलून निर्णय डॉक्टरांच्या अनुभवावर अवलंबून ठेवला.

याच्या जोडीने फ्रान्स आणि बेल्जियममधील 174 प्रसूतिगृहांचा अभ्यास वाचला पाहिजे, जो 2006 मध्ये आला. तिथे पायाळू नॉर्मलची परंपरा खंडित झालेली नव्हती. 8105 मातांपैकी 2526 जणींनी नॉर्मलचे ठरवले आणि त्यांतल्या 71 टक्के जणींचे खरोखर नॉर्मल झाले. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर त्रास यांचे प्रमाण ठरवून नॉर्मल केलेल्या गटात 1.60 टक्के होते, ठरवून सिझर केलेल्या गटात 1.45 टक्के, या दोहोंत अर्थपूर्ण फरक नव्हता. जन्मानंतर पाचव्या मिनिटाला फारच निपचित असलेली बाळे मात्र तिथेही नॉर्मलच्या गटात किंचित अधिक होती. मला या दोन अभ्यासांत विरोध दिसत नाही. मातांची कठोर निवड, पूर्ण वेळ बाळाच्या ठोक्यांची नोंद, कळा मंदावल्या तर लगेच सिझरचा निर्णय आणि रोजच्या सरावातले हात, एवढे जिथे होते तिथे फरक जवळजवळ मिटला. जिथे यांतले काही कमी पडले तिथे तो बाळांच्या वाट्याला आला.

ब्रिटनच्या त्याच 2017 च्या सूचनेतले आकडे मी मातांना समजावताना वापरते, कारण ते साधे आहेत. 39 आठवड्यांनंतर ठरवून केलेल्या सिझरमध्ये दर 1000 बाळांमागे सुमारे 0.5 मृत्यू, ठरवून केलेल्या पायाळू नॉर्मलमध्ये सुमारे 2, आणि डोके खाली असलेल्या नेहमीच्या नॉर्मलमध्ये सुमारे 1. म्हणजे 1000 पैकी 998 बाळे पायाळू नॉर्मलमध्येही जगतात, आणि तरीही सिझरशी तुलना केली तर धोका चौपट आहे. दोन्ही वाक्ये खरी आहेत. कुटुंबाला यांतले एकच वाक्य सांगणे म्हणजे त्यांचा निर्णय आपणच घेऊन टाकणे होय, असे मी मानते. हे आकडे ब्रिटनच्या व्यवस्थेतले आहेत. जिथे भूलतज्ज्ञ फोन केल्यावर घरून यायचे असतात आणि रात्री नवजात बाळाला श्वास देणारे प्रशिक्षित हात हजर नसतात, तिथे ते तसेच लागू होतील असे धरून चालता येत नाही.

हातांचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा का मांडते, हे सांगण्यासाठी माझ्या शिक्षणाच्या काळातली एक रात्र लिहिणे मला आवश्यक वाटते. एका खेड्यातून बैलगाडी आणि मग जीप करत एक पहिलटकरीण आली, तेव्हा पिशवीचे तोंड पूर्ण उघडलेले होते आणि कुल्ले दिसत होते. पायाळू असल्याचे आधी कोणी ओळखले नव्हते. वरिष्ठ दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते. बेंबीपर्यंत बाळ आले, मला घाई झाली आणि मी ओढले. ओढल्याबरोबर दोन्ही हात डोक्याच्या वर गेले. पुढचे सर्व प्रकार करून बाळ बाहेर आले, रडायला त्याला बराच वेळ लागला, आणि त्याचा उजवा हात लुळा पडला होता. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या होत्या. सहा महिन्यांत त्या हातात बरीच हालचाल परत आली, पण त्या आईने हाताला मालिश करत काढलेले सहा महिने माझ्या घाईचे होते. त्या मिनिटात मी हात आवरते ठेवले असते तर बहुधा ते बाळ स्वतःच्या बळावर खांद्यांपर्यंत आले असते.

पायाळू बाळंतपणाचा पहिला नियम हाच आहे: ओढू नये. आईच्या कळांनी आणि जोराने बाळ येऊ द्यावे, त्याची पाठ आईच्या पोटाच्या बाजूला राहील एवढे पाहावे, आणि हात लावायचाच झाला तर बाळाच्या कंबरेच्या हाडांवर लावावा, पोटावर कधीही नाही, कारण पोट दाबले गेले तर यकृत आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. हात वर अडकले तर अंग हलके वळवून एकेक खांदा सोडवायची पद्धत आहे. डोक्यासाठी बाळाला आपल्या हातावर घोड्यावर बसवल्यासारखे धरून, गालाच्या हाडांवर बोटे ठेवून हनुवटी छातीकडे वाकवायची पद्धत आहे, आणि त्याच वेळी सहायकाने आईच्या ओटीपोटावरून डोके खाली दाबायचे असते. काही ठिकाणी यासाठी खास चिमटा वापरतात. आई हातापायांवर ओणवी किंवा उभी असताना बाळंतपण करण्याची रीत जर्मनीतील फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी पुन्हा पुढे आणली असून त्यात हाताच्या मदतीची गरज कमी पडली असे त्यांचे निष्कर्ष आहेत. पण ज्या डॉक्टरांना ज्या स्थितीचा सराव आहे, तीच स्थिती बाळासाठी बरी.

हा सराव आज कमी होत चालला आहे, आणि आपल्या निर्णयात या वस्तुस्थितीचे वजन धरावेच लागते. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात खासगी रुग्णालयांतील 47.4 टक्के आणि सरकारी रुग्णालयांतील 14.3 टक्के बाळंतपणे सिझरने झाली. सिझर पैशांसाठी सांगतात, हा संशय यातूनच येतो आणि काही वेळा तो निराधारही नसतो. मात्र पायाळू बाळाच्या बाबतीत तरुण डॉक्टर जेव्हा सिझर सुचवतात, तेव्हा पुष्कळदा त्यांच्या शिक्षणाच्या काळात त्यांना असे नॉर्मल चार-दोनच पाहायला मिळालेले असते, आणि जे हातात बसलेले नाही ते आपल्या बाळावर करून पाहायला ते तयार नसतात. हा प्रामाणिकपणा आहे. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी बाहुलीवर हे सर्व प्रकार वर्षातून अनेकदा करून घेते, कारण सिझर कितीही वाढले तरी कळा देत, बाळ अर्धे बाहेर आलेले असताना दारात येणारी बाई थांबणार नाही. नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा डागा यांसारख्या सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षात काम केलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही.

आता बाळ फिरवण्याबद्दल. 28 व्या आठवड्याच्या सुमारास पाचातले एखादे बाळ पायाळू असते. दिवस भरेपर्यंत हे प्रमाण 3 ते 4 टक्क्यांवर येते, कारण बहुतेक बाळे स्वतःच वळतात. आपले दुसरेपण असल्याने पोटाचे स्नायू सैल आहेत, म्हणून अजूनही बाळ आपणहून वळण्याची थोडी आशा आहे. पण तिच्या भरवशावर न बसता 37 आठवडे झाले की पोटावरून बाळ फिरवण्याचा प्रयत्न करावा. पहिलटकरणींत तो सुमारे 40 टक्के आणि आधी बाळंत झालेल्यांत सुमारे 60 टक्के वेळा यशस्वी होतो. वार वर आहे, पाणी पुरेसे आहे, बाळ मध्यम वजनाचे आहे, या तिन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. पिशवी सैल पडावी म्हणून एक इंजेक्शन देतात, सोनोग्राफीवर नजर ठेवून दोन्ही हातांनी बाळाला कोलांटी घ्यायला लावल्यासारखे हळूहळू वळवतात, आणि आधी व नंतर ठोक्यांची नोंद घेतात. दाबामुळे त्रास होतो, काहींना बराच होतो. असह्य झाले तर थांबायला सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तातडीने सिझर करावे लागण्याची वेळ साधारण 200 पैकी एका आईवर येते, म्हणून हे काम ऑपरेशन थिएटर जवळ असलेल्या रुग्णालयातच करावे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्यानंतर अँटी-डी इंजेक्शन घ्यावे लागते. रक्तस्राव झालेला असेल, वार खाली असेल, पाणी गेलेले असेल, जुळे असेल किंवा ठोके ठीक नसतील तर हा प्रयत्न करत नाहीत.

इथे एक कळकळीची विनंती करते. गावाकडे पोट चोळून बाळ सरळ करून देणाऱ्या बायका आहेत आणि काटोलला कोणी तसे सुचवण्याचा संभव आहे. ठोके न तपासता, वार कुठे आहे हे न पाहता पोट चोळल्याने वार सुटून बाळ आणि आई दोघांच्याही जिवावर बेतू शकते. वरवर पाहता क्रिया सारखी वाटते, पण रुग्णालयात ती काही बिनसले तर काही मिनिटांत बाळ बाहेर काढता येईल अशा तयारीने केली जाते. गुडघे टेकून, डोके खाली करून बसण्याच्या व्यायामाने बाळ वळते याला ठोस पुरावा मिळालेला नाही. करायचा असेल तर बेताने करावा, इतकेच.

बाळ वळले नाही आणि आपल्याला नॉर्मलचाच विचार करावासा वाटला, तर आपल्या डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी मी सांगते, आणि त्या विचारल्याने कोणाही समंजस डॉक्टरांना राग येणार नाही. गेल्या एक-दोन वर्षांत आपण किती पायाळू बाळंतपणे नॉर्मल केली? माझ्या कळा रात्री दोनला सुरू झाल्या तर आपणच असाल की दुसरे कोणी? भूलतज्ज्ञ रुग्णालयात असतात की बोलवावे लागतात? बालरोगतज्ज्ञ बाळ बाहेर येण्यापूर्वी खोलीत उभे असतील ना? ठोक्यांची सलग नोंद होईल का? सिझर ठरल्यापासून बाळ हातात येईपर्यंत इथे किती वेळ लागतो? उत्तरे नेमकी मिळाली तर पुढे बोलता येईल. त्यानंतरही कळा सुरू होताना पुन्हा सोनोग्राफी करून बाळाचे डोके मागे कललेले नाही याची खात्री करावी लागते. कललेले असेल तर मानेच्या मज्जारज्जूला इजा होण्याचे भय असल्याने नॉर्मल करूच नये. वजन 2 किलो 500 ग्रॅमपेक्षा कमी किंवा 3 किलो 800 ग्रॅमपेक्षा अधिक वाटत असेल, बाळाची वाढ खुंटलेली असेल, पाऊल खाली आले असेल, तरीही नाही. आणि सर्व अनुकूल असूनही कळा चांगल्या असताना प्रगती थांबली, तर ती सिझरची वेळ समजावी. पायाळू बाळाला खेचून घेण्याचा हट्ट करू नये. म्हणून नॉर्मल ठरवलेल्या मातेनेही वाटेत सिझर होऊ शकते हे मनाशी धरून ठेवावे.

सिझरही बाळाला अगदी निर्धोक असते असे नाही. डोके तिथेही क्वचित अडकते, आणि 39 आठवड्यांच्या आधी घाईने केले तर बाळाच्या फुप्फुसांतले पाणी ओसरायला वेळ लागून त्याला धाप लागू शकते. मुहूर्तासाठी तारीख अलीकडे ओढू नये, असे मी त्याचसाठी सांगते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पुन्हा सोनोग्राफी करावी, कारण कधीकधी बाळ रात्रीतून वळलेले असते आणि सिझरची गरजच उरत नाही. आपल्यासाठी खरा भुर्दंड पुढच्या गरोदरपणात येतो: पिशवीवर टाके असताना नॉर्मलचा प्रयत्न केला तर सुमारे 200 पैकी एकीत टाक्यांची जागा उसवू शकते, आणि पुढे वार खाली येऊन जुन्या टाक्यांत रुतण्याचे प्रमाण प्रत्येक सिझरगणिक वाढत जाते. आपल्याला तिसरे मूल हवे असेल तर या गोष्टीला निर्णयात अधिक जागा द्यावी. नको असेल तर तिचा भार बराच कमी होतो.

काटोलबद्दल माझे स्पष्ट मत असे, की बाळ वळल्याशिवाय जाऊ नये. अंतर साठेक किलोमीटरचे आहे आणि दिवसा ते फारसे वाटत नाही, पण दुसरेपणात कळा भराभर वाढतात आणि पायाळू बाळ रस्त्यात जन्मणे ही सर्वांत वाईट जागा आहे. आईला इकडे बोलावून घ्यावे. पाणी गेले तर कळांची वाट न पाहता, ठोके चांगले लागतात असे वाटत असले तरी, तडक रुग्णालयात यावे. नाळेचा वेढा बाहेर आल्यासारखा जाणवला किंवा दिसला, तर ती आत ढकलू नये, गुडघे आणि कोपर टेकून कंबर उंच ठेवावी, 108 ला फोन करावा आणि याच स्थितीत रुग्णालय गाठावे. डोके किंवा कुल्ले नाळेवर दाबू नयेत यासाठी ही स्थिती असते.

शेवटी जन्मानंतरचे, जे पायाळू बाळाच्या कुटुंबाला क्वचितच कोणी सांगते. नॉर्मल झालेल्या बाळाचे कुल्ले आणि जननेंद्रिये सुजलेली, काळीनिळी दिसू शकतात. ते काही दिवसांत उतरते. पाय सरळ वर ठेवून वाढलेले बाळ जन्मल्यावरही काही दिवस पाय तोंडाकडे घेऊन निजते, मग ते सिझरने आलेले असो वा नॉर्मल. हे पाय आपोआप खाली येतात, मालिशवाल्या बाईंना ते ओढून सरळ करू देऊ नये. पोटात पायाळू राहिलेल्या बाळांत, आणि विशेषतः मुलींत, खुब्याचा सांधा नीट न बसलेला असण्याची शक्यता इतरांहून अधिक असते. हा धोका पोटातल्या बसण्याचा आहे, म्हणून सिझर केल्याने तो जात नाही, आणि 36 आठवड्यांनंतर बाळ फिरवून डोके खाली आणले तरी तपासणी टाळता येत नाही. जन्मल्याबरोबर बालरोगतज्ज्ञ खुबे हाताने तपासतील, तरीही सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यावी. तेव्हा सापडले तर काही आठवडे पट्टा बांधून सांधा बसतो, चालायला लागल्यावर सापडले तर ऑपरेशनची वेळ येते. आपल्याकडे बाळाचे पाय जुळवून, सरळ करून दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची सवय आहे, ती या बाळासाठी सोडून द्यावी. वरचे अंग गुंडाळले तरी चालेल, पण मांड्या फाकलेल्या आणि गुडघे वाकलेले राहतील इतकी जागा खाली ठेवावी. थोडे मोठे झाल्यावर आजीने कडेवर घेऊन फिरणे याच कारणाने खुब्यांना फार चांगले. 37 आठवड्यांच्या भेटीला जाताना जुने सर्व सोनोग्राफीचे कागद आणि रक्तगटाचा रिपोर्ट सोबत न्यावा, आणि सहाव्या आठवड्याच्या खुब्यांच्या सोनोग्राफीची नोंद त्याच दिवशी कार्डावर करून घ्यावी.